दोन ॲप, एक लॉगिन आणि हरवणारी कुकी

प्रश्न: आमच्या ऑफिसात स्प्रिंग बूटची (जावातली वेब ॲप्स बनवायची चौकट) दोन ॲप्स आहेत, एक रजेचं, एक पगाराचं. दोन्हींचे पासवर्ड वेगळे, लोक वैतागलेत, म्हणून लॅपटॉपवर कीक्लोक (लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) टाकून सिंगल साइन-ऑन, म्हणजे एकाच लॉगिनने दोन्हींत प्रवेश, करून बघतोय. एकच ॲप चालू असलं की सगळं नीट, पण दोन्ही टॅब उघडले की एकात लॉगिन केल्यावर दुसऱ्यातून बाहेर काढतंय, कधी मधेच 'ऑथरायझेशन रिक्वेस्ट नॉट फाउंड' येतं. आणि लॉगआउट करून परत आलो की पासवर्ड न विचारताच आत! कीक्लोक सोडून दोघांचं मिळून एक पासवर्ड टेबल करू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: टेबल अजिबात करू नका, प्लीज. तुमचं काम जवळजवळ झालंय.

इथे सेशन, म्हणजे 'हा माणूस आत आलाय' ही सर्व्हरची आठवण, तीन आहेत हे आधी डोक्यात पक्कं करा. एक कीक्लोकचं, एक रजेच्या ॲपचं, एक पगाराच्या ॲपचं. ॲप तुम्हाला कीक्लोककडे पाठवतं तेव्हा 'मी याला पाठवलंय' अशी नोंद स्वतःच्या सेशनमधे ठेवतं, आणि ते सेशन कुठलं हे ओळखायला ब्राउझरमधे जेसेशनआयडी नावाची कुकी, म्हणजे ब्राउझरने जपलेली छोटी चिठ्ठी, असते. आता गंमत अशी की कुकी पोर्ट (पत्त्यातल्या कोलननंतरचा आकडा) बघतच नाही, फक्त होस्ट (मशीनचं नाव) बघते. रजेचं ॲप ८०८१ वर, पगाराचं ८०८२ वर असलं तरी ब्राउझरला दोन्ही लोकलहोस्टच, म्हणजे तुमचा लॅपटॉपच, मग एकाची कुकी दुसऱ्याच्या कुकीवर बसते, नोंद सापडत नाही आणि ती एरर येते. एफ१२ दाबून कुकीज उघडा आणि एक-एक टॅब रिफ्रेश करा, व्हॅल्यू बदलताना डोळ्यांनी दिसेल.

उपाय एका ओळीचा. दोन्ही ॲप्सच्या प्रॉपर्टीज फाइलमधे सर्व्हर डॉट सर्व्हलेट डॉट सेशन डॉट कुकी डॉट नेम ला वेगवेगळी नावं द्या, रजासेशन, पगारसेशन, काहीही.

लॉगआउटचंही मूळ तेच, तीन वेगळी सेशन. तुम्ही फक्त ॲपचं सेशन संपवताय, कीक्लोकचं जिवंतच आहे, मग ते विचारेल कशाला? स्प्रिंग सिक्युरिटीत (स्प्रिंगचा लॉगिन-सुरक्षेचा भाग) ओआयडीसी-क्लायंट-इनिशिएटेड-लॉगआउट-सक्सेस-हँडलर आहे तो लावा, तो कीक्लोकचंही सेशन संपवायला लावतो, आणि परत यायचा पत्ता कीक्लोकमधे क्लायंटच्या (म्हणजे तुमच्या ॲपच्या) पोस्ट लॉगआउट रिडायरेक्टमधे टाकायला विसरू नका. तरी दुसरं ॲप उघडंच राहील, त्यासाठी बॅक-चॅनल लॉगआउट (कीक्लोक थेट दुसऱ्या ॲपला 'याला बाहेर काढ' असं कळवतं) लागतं, ते स्प्रिंग सिक्युरिटी ६.२ पासून मिळतं. पगाराची माहिती आहे म्हणून मी तर हे करूनच घेईन.

जुने व्हिडिओ बघून वेबसिक्युरिटीकॉन्फिगररअडॅप्टर हा सुरक्षा सेटिंगचा जुना क्लास शोधत बसू नका, तो स्प्रिंग सिक्युरिटी ६ मधून काढलाय. ओऑथ२ क्लायंटचा स्टार्टर (स्प्रिंग बूटचा तयार लायब्ररी-संच) पुरतो.

अजून एक, तुम्ही विचारलं नाहीत पण सांगतोच. जुन्या टेबलमधले युजर ईमेलवरून जोडाल, ठीक आहे, पण ते एकदाच, आणि ईमेल व्हेरिफाय झालेला असेल तरच. लगेच टोकनमधला (लॉगिननंतर कीक्लोक ॲपला देतं ते ओळखपत्र) 'सब' नावाचा आयडी एका नव्या कॉलममधे साठवा आणि पुढे ओळख त्यावरूनच पटवा. लग्नानंतर कोणी आडनाव बदललं की ऑफिसचा ईमेल बदलतो, 'सब' तसाच राहतो, नाहीतर त्या बाईंची सगळी शिल्लक रजा जुन्या ईमेलच्या खात्यातच अडकून बसायची.