पदं नकोत, क्रियापदं सांग

"मॅडम, मी पाच कमिट्यांमध्ये होते. तरी पुढं काय करायचं ते कळतच नाही."

कॉलेजात प्लेसमेंटच्या नोटिसा लागल्या की बीबीए, बीएमएस, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाची मुलं माझ्याकडे करिअरच्या सल्ल्यासाठी यायला लागतात. निम्म्यांचं म्हणणं, 'आम्ही कुठल्याच कमिटीत नव्हतो, आता कोण विचारणार?' उरलेल्यांचं म्हणणं हे वरचं. दोघांचं दुखणं एकच आहे, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. ज्या मुलीमुळे ते नीट कळलं तिची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

सातारा जिल्ह्यातली मुलगी, पुण्यात हॉस्टेलवर राहून बीबीए करणारी. आली तीच जाडजूड फाइल घेऊन, प्रत्येक सर्टिफिकेट प्लॅस्टिकच्या कव्हरात. रोटरॅक्ट, एनएसएस, ई-सेल, कॉलेज मासिक, आणि सगळ्यात वर 'स्पॉन्सरशिप हेड'. आपण तिला फाइलवालीच म्हणू.

"यातलं काय आवडलं?"

"सगळंच."

"नकोसं काय वाटलं?"

"तसं काही नाही."

मुलगी चुणचुणीत, बोलायला मोकळी. मी मनातल्या मनात तिला मार्केटिंगला धाडून मोकळी झाले, आणि तसं सुचवलंही. तिनं निमूटपणे डायरीत लिहून घेतलं. मला तिथंच शंका यायला हवी होती. स्वतःच्या जिव्हाळ्याचा विषय निघाला की माणूस वाद घालतो, लिहून घेत नाही.

दुसऱ्या भेटीत ती इतरांची मतं घेऊन आली. मैत्रीण सीए करतेय, दादा म्हणतो एमबीएची सीईटी दे, बाबा म्हणतात बँकेची परीक्षा. "मॅडम, स्कोप कशाला आहे?" या 'स्कोप' शब्दावर माझा जुना राग आहे. बाजारात आज कशाचा भाव आहे एवढंच तो सांगतो, आपल्या रानात काय उगवतं ते नाही. तो तास मात्र स्कोपमध्येच गेला.

तिसऱ्या भेटीत मी फाइल मिटून बाजूला ठेवली.

"आज पदं नकोत. क्रियापदं सांग."

"म्हणजे?"

"स्पॉन्सरशिप हेड हे पद झालं. तू केलंस काय? मोजलंस, मागितलंस, लिहिलंस, भांडलीस?"

"फोन केले."

"किती?"

"वीसेक. नंतर ज्युनियर्सना दिले." मग जरा थांबून, "पैसे मागायचे म्हटलं की घशाला कोरड पडते माझ्या."

झालं, माझं मार्केटिंग तिथंच निकालात निघालं!

"बरं, कोणी सांगितलं नसताना काय केलंस?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मीही राहिले. या धंद्यात गप्प बसता येणं हे निम्मं कौशल्य आहे, आणि ते मला बऱ्यापैकी जमतं. मग ती बोलायला लागली. फेस्टच्या दिवशी सकाळी सहाला येणारा मांडववाला दहा वाजले तरी आला नव्हता. साउंडवाला आधीच येऊन खोळंबलेला, जेवणाची भांडी गेटवर अडकलेली, सेक्रेटरी फोनवर ओरडतोय. ही जिन्यात बसली आणि एका पत्रकाच्या पाठीमागं तिनं लिहून काढलं की कोणाचं काम कोणावाचून अडलंय. साउंड आधी हॉलमध्ये पाठवला, आतल्या स्पर्धा सकाळी ओढल्या, मैदानावरच्या दुपारी ढकलल्या. कार्यक्रम पार पडला.

"हे कुठल्या सर्टिफिकेटवर आहे?"

"कुठल्याच नाही. ते माझं काम नव्हतंच."

"शिकलीस कुठं?"

"शिकायचं काय त्यात? आमचं दूध संकलन केंद्र आहे. डेअरीची गाडी यायच्या आत सगळ्या वस्त्यांवरचे कॅन जमले नाहीत तर दूध नासतं. कुठला रूट आधी काढायचा हे मी आठवीपासून बाबांना सांगते." सांगताना ती खुर्चीत पुढं सरकली होती. हातांनी हवेत वस्त्या मांडत होती. एकाएकी थांबली. "पण हे काय करिअर आहे होय?"

त्या प्रश्नावर मी हसले ते अजून आठवतं. चाकण-तळेगावच्या कारखान्यांत शेकडो माणसं पगार घेऊन हेच करतात. डिस्पॅच, परचेस, प्लॅनिंग, वेअरहाउस, आणि तिकडे न्हावा-शेवाच्या बंदराभोवतीचा सगळा कारभार. अभ्यासक्रमात त्याला ऑपरेशन्स आणि सप्लाय चेन म्हणतात. हिनं तो पेपर पासही केला होता. पण पुस्तकातला विषय आणि पहाटेचे कॅन हे एकच, असं तिला कोणी सांगितलं नव्हतं.

मी करिअर समुपदेशनावर काम केलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन क्रमबोल्ट्झ यांच्या विचारांची. योगायोगानं करिअर घडतं याची लाज वाटू देऊ नका, फक्त योगायोग गाठ घालायला येतील अशा जागी वावरत राहा, असं ते सांगत. ते स्वतः मानसशास्त्राकडे वळले ते त्यांचे टेनिसचे प्रशिक्षक तो विषय शिकवत म्हणून. कॉलेजची कमिटी ही अशीच एक जागा. तिथं कोणी न सांगता आपण कशाला हात घालतो, ते टिपून ठेवायचं.

म्हणून 'कमिटीत नव्हतो' म्हणणाऱ्यांना मी आधी गणपतीतलं विचारते. दहा दिवस मंडळाचं पावतीपुस्तक सांभाळलेला मुलगा 'मला काहीच अनुभव नाही' म्हणतो तेव्हा कपाळावर हात मारावासा वाटतो. एनएसएसमध्ये दोन वर्षांत २४० तास भरतात, वर सात दिवसांचं शिबिर. त्यात झाडं किती लावली हे सगळे सांगतात. रोपं कोणी मिळवली, जेवणाचा हिशोब कोणी लावला, रुसलेल्या दोन गटांना एका पंगतीला कोणी बसवलं? एक रुपया जुळेना म्हणून रात्रभर व्हाउचर उलटणाऱ्यानं सीए, कॉस्ट अकाउंट्स, ऑडिट यांचा विचार करावा. (आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, आता दोन वर्षांची झाली असली तरी सीए इंटरमीडिएट परीक्षेचे दोन्ही ग्रुप सुटल्यावरच सुरू होते, म्हणून 'करून तर बघू' म्हणत त्यात शिरू नये.) भांडणं मिटवणाऱ्यानं एचआरकडे बघावं. पोस्टरची एक ओळ तीनदा खोडणाऱ्याला जाहिरातीचं जग बरं.

आणि मग प्रत्यक्ष जाऊन बघावं. नव्या अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंगला क्रेडिट्स आहेत. मुलं काकांच्या दुकानाचा शिक्का आणून मोकळी होतात, याचं मला वाईट वाटतं. फाइलवालीला मी चाकणला ओळखीतून एका डिस्पॅच विभागात तीन आठवडे पाठवलं. पहिल्याच शनिवारी तिचा फोन. धूळ फार, ड्रायव्हर लोक 'ताई, साहेबांना द्या फोन' म्हणतात, आणि चौथ्या नंबरच्या गेटवर गाड्या उगाच तासभर उभ्या राहतात.

"उगाच का?"

ती पंधरा मिनिटं बोलत होती. मध्ये एकदा मी माझं मत दिलं, तर म्हणाली, "नाही मॅडम, तसं नाहीये ते."

पुढच्या आठवड्यात बाबांचा फोन आला. "मॅडम, गाड्यांच्या वेळा लावायला बीबीए कशाला करायचं? ते तर ती घरी पण करत होती."

"हो ना," म्हटलं, "आणि तुम्ही तिला पगार देत नव्हता."

पलीकडून आधी काहीच आवाज नाही, मग मोठ्यानं हसू. फाइल अजून माझ्याच कपाटात आहे. न्यायला ये, असा निरोप दोनदा दिला.