शनिवारी पिचर, रविवारी कॅचर

पत्र थोडक्यात: "नऊ वर्षांपूर्वी पुण्याहून इटलीत बोलोन्याला आलो. मुलगा १५ वर्षांचा, बेसबॉल क्लबात कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा). हात जोरदार म्हणून शनिवारी पिचिंगही (बॅटरकडे चेंडू फेकणं) करतो. फ्रान्चिस्को चेर्वेली परदेशात जन्मून इटलीकडून खेळला, अमेरिकेच्या अव्वल मेजर लीगमध्ये १३ हंगाम टिकला. याचंही तसं व्हावं. शाळा ऑनलाइन करून पूर्णवेळ बेसबॉल घ्यावा का? हल्ली कोपर दुखतं म्हणतो, पण ती सरावाला दांडी मारायची नाटकं आहेत."

करिअरचं नंतर बघू, आधी कोपर.

कॅचरचा हात शांत बसलेला नसतो. ज्या चेंडूला बॅट लागत नाही तो जवळपास प्रत्येक चेंडू पिचरला परत फेकायचा, आणि कुणी चोरटी धाव घेतली की उकिडव्या बैठकीतून उठून सुमारे ३९ मीटरवरच्या सेकंड बेसपर्यंत सणसणीत थ्रो मारायचा. म्हणजे शनिवारी पिचिंग करून थकलेला हात तुम्ही रविवारी पुन्हा तेवढाच राबवताय. अमेरिकेच्या 'पिच स्मार्ट' नियमांत १५-१६ वयाला दिवसाला ९५ पिचची मर्यादा आहे, आणि ७६ किंवा जास्त झाल्या की चार दिवस विश्रांती. पिचरने उरलेल्या वेळात कॅचर होऊ नये, हेही त्यात आहे. या वयात कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडाची वाढीची पट्टी बऱ्याचदा अजून पक्की झालेली नसते. दर थ्रोला स्नायू तिलाच ओढतात. आधी ठणका, मग सूज, आणि तरी फेकत राहिलं तर हाडाचा तुकडा सुटू शकतो. आतल्या उंचवट्यावर दाबून दुखतंय का बघा आणि याच आठवड्यात खेळाडूंच्या डॉक्टरकडे एक्स-रे काढा. तोपर्यंत एकही थ्रो नाही, अंगणातसुद्धा नाही. "वार्षिक अगोनिस्तिको सर्टिफिकेट आहे की" असं म्हणू नका. स्पर्धेत खेळायच्या त्या वैद्यकीय दाखल्यासाठी ईसीजी, फुप्फुसं, लघवी तपासतात. कोपराचा एक्स-रे त्यात नसतो.

पत्रातला मला सर्वांत खटकलेला शब्द 'नाटकं'. कॅचरच्या जागेवर मार खाणं हे कामच असतं: चेंडू छातीवर घ्यायचा, अंगठ्यावर घ्यायचा, बॅटला चाटून आलेला थेट मास्कवर. अशा पोराला दुखणं सांगायचीच लाज वाटते. त्यानं तुम्हाला सांगितलं, हे चांगलं झालं. आज कोपराला नाटक म्हणालात, तर उद्या डोकं गरगरलं तरी तो गप्प बसेल. आणि तुमच्या लाडक्या चेर्वेलीची कारकीर्द कशानं संपली? डोक्याला पुन्हा पुन्हा बसलेल्या माराने, २०२० साली, ३४व्या वर्षी. त्या १३ हंगामांपैकी १३० सामने त्याला एकाच वर्षी मिळाले, २०१५ मध्ये. सुरुवातीची वर्षं तो न्यूयॉर्क यांकीज संघाचा राखीव कॅचर होता, मधली कितीतरी दुखापतींत गेली. आकडा १३ दिसतो, त्यातलं बाकावर बसणं दिसत नाही.

दुसरा गैरसमज जन्माचा. चेर्वेली व्हेनेझुएलात जन्मला, पण वडिलांकडून इटालियन होता. तुमचा मुलगा भारतीय पासपोर्टवर आहे. लहानपणापासून तो इटलीत राहतोय, म्हणून क्लबातली नोंदणी इटालियन मुलांसारखीच होते. राष्ट्रीय संघाचा दरवाजा मात्र त्यानं उघडत नाही. देशादेशांच्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिक स्पर्धेचे नियम सैल आहेत, युरोपियन स्पर्धांना नागरिकत्वच लागतं. पुढच्या वर्षी तुमची दहा वर्षं भरतील, त्याच आठवड्यात नागरिकत्वाचा अर्ज करा: बी-१ (मध्यम) पातळीची इटालियन भाषा, तीन वर्षांचं उत्पन्न, २५० युरो. निकालाला दोन ते तीन वर्षं लागतात. तुमची नागरिकत्वाची शपथ त्याच्या अठराव्या वाढदिवसाआधी झाली तर तोही नागरिक होईल. नंतर झाली तर त्याला स्वतःचा अर्ज करावा लागेल. हिशेब अगदी काठावरचा आहे. शिवाय भारतीय पासपोर्ट परत करावा लागेल, हे घरात आधी बोलून घ्या.

शाळा सोडायची नाही. इटलीत १६ पर्यंत शिक्षण सक्तीचंच आहे. तिथल्या लीगमध्ये सामने मुख्यतः शनिवार-रविवारी, आणि बरेच स्थानिक खेळाडू नोकरी किंवा शिक्षण सांभाळून खेळतात. अल्बेर्तो मिनेओ हा इटालियन कॅचर शिकागो कब्ज या मेजर लीग संघाच्या खालच्या लीगांत वर्षानुवर्षं खेळला, मेजरपर्यंत पोचला नाही. अमेरिकन कॉलेजची वाट त्यापेक्षा शक्यतेतली, पण वरच्या गटात खेळायला नववी ते बारावीतले ठरावीक विषयांचे १६ कोर्स लागतात आणि ऑनलाइन कोर्स वेगळे तपासले जातात. तुम्ही बंद करायला निघालेला दरवाजा नेमका तोच आहे.

पिचिंग सोडून द्या. कॅचर राहायचंय का, हे त्याला कोचनं विचारू दे. तुम्ही त्या वेळी मैदानाबाहेर थांबा. एक्स-रेचा अहवाल आला की पुढचं पत्र त्यालाच लिहू द्या.