नाणे पडण्याआधीचा पडदा

प्रश्न : शाळेत असताना व्हिडिओ गेम पार्लरमध्ये 'स्ट्रीट फायटर टू'च्या यंत्रासमोर मी तासन्‌तास उभा राहत असे. सुरुवातीला पडद्यावर गर्दीच्या मधोमध दोघे भिडत. परंतु पुढे खेळात ते दोघे कधीच भेटले नाहीत. ते कोण होते? शिवाय घरच्या गेममध्ये नाणे टाकायचे नसतानाही 'प्रेस स्टार्ट'चा पडदा कशासाठी असतो?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपली आठवण अचूक आहे. कॅपकॉम कंपनीच्या 1991 सालच्या या खेळात एकूण बारा लढवय्ये होते, त्यांपैकी आठ खेळाडूला निवडता येत आणि उरलेले चार शेवटी समोर येत. त्या बारांमध्ये हे दोघे नाहीत. एक ठोसा बसतो, समोरचा कोसळतो, दृश्य इमारतीच्या भिंतीवरून वर वर सरकत जाते आणि खेळाचे नाव झळकते, एवढेच त्यांचे काम. रस्त्यावरची मारामारी म्हणजे काय, हे सांगायला ओळखीचा चेहरा लागत नाही. आम्हाला तर हीच सुरुवात अधिक आवडते. 1993 च्या 'सुपर स्ट्रीट फायटर टू'मध्ये तिची जागा थेट पडद्याकडे हादोकेन, म्हणजे हातांतून निघणारा ऊर्जेचा गोळा, सोडणाऱ्या लढवय्या र्‍यूने घेतली, ही नवी सुरुवात देखणी आहे खरी, पण तिच्यात रस्ता उरला नाही.

पार्लरमधल्या यंत्राचा हा पडदा मुळात गिऱ्हाईक बोलावण्यासाठी असे. जत्रेतल्या तंबूबाहेर भोंगा वाजतो, तसाच हा प्रकार. त्याला 'अ‍ॅट्रॅक्ट मोड' म्हणतात. नाव, यंत्राने स्वतःशीच खेळलेली लढत, सर्वाधिक गुणांची यादी आणि पुन्हा नाव, असे चक्र कोणी नाणे टाकेपर्यंत फिरत राहते. चित्र सतत बदलत राहिल्यामुळे जुन्या काचेच्या पडद्यावर एकाच आकृतीचा कायमचा डाग पडण्याचा धोकाही कमी होई. दहा यंत्रे एकदम ओरडू लागली तर मालकाचेच डोके उठणार, म्हणून या वेळचा आवाज बंद करण्याची छोटी खटकी आतल्या बोर्डावर दिलेली असे.

घरी नाण्याची गरज संपली, तरी पडदा राहिला. कोणत्या कंट्रोलरवर माणूस बसला आहे हे यंत्राला त्यातून कळते, हा एक उपयोग. पण मुलांना त्याचा वेगळाच उपयोग सापडला. 1993 मध्ये 'मॉर्टल कॉम्बॅट' हा मारामारीचा खेळ घरगुती यंत्रांवर आला, तेव्हा सेगाच्या मेगा ड्राइव्हवर रक्त दडवलेले होते. सुरुवातीच्या पडद्यांपैकी नियमावलीचा मजकूर दिसत असताना ए, बी, ए, सी, ए, बी, बी अशी बटणे दाबली की ते दिसू लागे. निंटेंडोच्या यंत्रावर अशी सोय नव्हती, तिथे रक्ताच्या जागी करडा घाम उडे.

'स्ट्रीट फायटर टू'च्या सुपर निंटेंडो आवृत्तीतही अशी एक किल्ली होती. मूळ खेळात दोघांनाही एकच लढवय्या घेता येत नसे. पार्लरमध्ये ती मुभा 1992 च्या 'चॅम्पियन एडिशन'मध्ये मिळाली. घरी मात्र कॅपकॉमचे बोधचिन्ह दिसत असतानाच्या काही क्षणांत खाली, आर, वर, एल, वाय, बी हा बटणांचा क्रम साधला, की दोन भावंडांना र्‍यूवरून भांडावे लागत नसे.