पाणी पॅनमध्येच आटवा

प्रश्न : मशरूम, व्हाइट सॉस आणि चीज घालून बेक केलेली डिश वरून छान सोनेरी दिसते, पण वाढायला घेतली की तळाशी करडे पाणी साचलेले असते आणि सॉसही फुटल्यासारखा रवाळ लागतो. मैदा वाढवला, तर सगळेच पिठूळ झाले. नेमके काय चुकत असावे?

उत्तर : पाण्याचा दोष सॉसचा नसून मशरूमचा असल्यामुळे मैदा वाढवून उपयोग नाही. मशरूमच्या वजनात ९० टक्क्यांहून अधिक पाणीच असते आणि मशरूम कच्चे किंवा अर्धवट परतून सॉसमध्ये घातले, तर ते सगळे पाणी ओव्हनमध्ये, चीजच्या थराखाली सुटते. म्हणून ४०० ग्रॅम मशरूम असतील, तर जाडसर काप करून पसरट पॅनमध्ये, मोठ्या आचेवर, दोन वेळा विभागून परतावेत. दाटी झाली की ते स्वतःच्याच पाण्यात उकडत राहतात. सुटलेले पाणी पूर्ण आटून पॅनमधून चुरचुर ऐकू येऊ लागली आणि कापांच्या कडा तांबूस झाल्या, की मगच मीठ घालावे. जास्त परतल्याने लगदा होईल, ही भीती नको. मशरूमच्या पेशीभित्तिकांतील (पेशींच्या बाहेरच्या आवरणातील) कायटिन हा चिवट घटक उष्णतेने सहजासहजी विरघळत नाही. (मशरूम धुऊच नयेत, हा दंडक मला अतिरेकी वाटतो. झटपट धुऊन पुसले तर फारसे पाणी शोषले जात नाही. भिजत मात्र ठेवू नयेत.)

सॉससाठी ३० ग्रॅम लोण्यावर तेवढाच मैदा, रंग बदलू न देता, दोन मिनिटे परतावा आणि ४०० मिलिलिटर दूध थोडे थोडे घालत ढवळावे. चीज मात्र आच बंद केल्यावरच मिसळावे, कारण उकळत्या सॉसमध्ये त्यातील प्रथिने आवळून स्निग्धांश वेगळा होतो. तुम्हाला लागणारा रवाळपणा बहुधा तोच. सॉसमध्ये चवीसाठी चेडर आणि वर तार येण्यासाठी मोझरेला, अशी विभागणी मला योग्य वाटते.

सर्व काही आधीच शिजलेले असल्याने २०० अंश सेल्सिअसला १५ ते २० मिनिटे पुरतात. बाहेर काढल्यावर दहा मिनिटे थांबून मग वाढावे. सॉस थोडा निवला की आपोआप दाट होतो.