बायबलमध्ये साप म्हणजे सैतान, मग ख्रिस्ती माणसानं साप दिसला की मारायचाच असतो का?

नाही. असलं काही आपल्या धर्मात नाही, आणि जो सांगतो त्यानं शास्त्र अर्धंच वाचलंय. आमच्या मामांनी वाचलंय तसं.

मी मिरजेचा. मामांचा मळा मालगावच्या बाजूला, थोडी द्राक्षं, बाकी ऊस. शेडमध्ये शाळूची पोती, आणि पोत्यांमागच्या जोत्याच्या दगडांत एक धामण राहायची. चांगली सहा-सात फूट. मी सर्पमित्रांबरोबर फिरायचो, त्यामुळे मामांना बजावून ठेवलं होतं की ही बिनविषारी आहे, उंदीर खाते, राहू द्या. एका रविवारी मामा चर्चमधल्या उपासनेहून आले, इस्त्रीचा शर्ट तसाच अंगात, आणि खोऱ्यानं तिचं डोकं ठेचलं. मामी ओरडली, आजच्या दिवशी तरी नको होतं. तर मामांनी आम्हा दोघांना वचन ऐकवलं: बायबलच्या उत्पत्ती पुस्तकातलं ३:१५ (अध्याय ३, वचन १५), स्त्रीची संतती सापाचं डोकं फोडील. म्हणजे देवानं एदेन बागेत सापाला ऐकवलेली भविष्यवाणी मालगावच्या शेडमध्ये पुरी झाली!

पुढच्या हंगामात उंदरांनी पोती फोडली, ठिबकच्या नळ्या कुरतडल्या. मामा म्हणाले, हल्ली पाइपच हलके येतात. मग उंदरांच्या मागावर घोणस आली. ती कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते म्हणून वेळेत कळलं, नाहीतर गडी पाय ठेवणारच होता.

आता शास्त्राचं. त्या ३:१५ चा अर्थ मंडळी, म्हणजे चर्च, फार पूर्वीपासून ख्रिस्त आणि सैतान असा लावत आली आहे. रानातल्या जनावराचा तिथं संबंध नाही. त्या अध्यायात तर सैतानाचं नावही येत नाही, जुना साप म्हणजे सैतान हे थेट प्रकटीकरण १२:९ मध्ये येतं. आणि गणना २१ कोणी वाचायचं? इस्राएल लोकांना साप चावले तेव्हा देवानं मोशेला पितळेचा साप करून खांबावर लावायला सांगितलं, त्याच्याकडे पाहिलं तो वाचला. योहान ३:१४ मध्ये येशू स्वतःच्या वधस्तंभावर उंचावले जाण्याची तुलना त्याच सापाशी करतो. शिष्यांना सापासारखं चतुर व्हा म्हणणाराही तोच (मत्तय १०:१६). सैतानाचं चिन्ह तेच, तारणाचंही तेच. पुढं लोक त्या पितळेच्या सापालाच धूप जाळायला लागले, तेव्हा हिज्कीया राजानं तो फोडला, तेही बरोबरच केलं. फोडली ती मूर्ती, साप नव्हे.

मामा बत्तीस शिराळ्याला हसतात. तिथं नागपंचमीला जिवंत नाग धरून पुजायचे, शेवटी हायकोर्टाला बंदी घालावी लागली. नागाला दूध पाजणं अडाणीपणाच, साप दूध पीत नाही. पण तुम्ही ठेचता, ते पुजायचे, जनावर काय आहे हे बघायला दोघंही तयार नाहीत. अहो मामा, ३:१५ तोंडपाठ आहे तर दोन अध्याय मागं जा. १:२५ मध्ये जमिनीवर रांगणारे सगळे प्राणी देवानंच केले आणि त्याला ते चांगले दिसले. धामण त्यातच आली.

हे वाचून कोणी साप धरायला जाऊ नका. विश्वास ठेवणारे साप उचलतील असं म्हणणारं मार्क १६:१८ दाखवून अमेरिकेत काही मंडळ्या उपासनेत विषारी साप हातात घेतात आणि त्यात माणसं मेलीत. मार्कची ती शेवटची वचनं सर्वात जुन्या हस्तलिखितांत नाहीतच. प्रेषित पौलानं मिलिता (माल्टा) बेटावर हाताला डसलेला साप झटकून टाकला, मुद्दाम उचलला नव्हता. घरात साप निघाला तर वन विभागाचा १९२६ नंबर लावा. मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, हे मामांना कळवलं तर मला घरी यायचं बंद करतील, पण आहे.

आणि चावलाच तर चिरू नका, करकचून आवळू नका, हातपाय हलू न देता दवाखाना गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच लस चालते. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. प्रार्थना गाडीत बसूनही करता येते. मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी मिशनचा दवाखाना १८९४ सालीच उभा केला, तेव्हा निदान आमच्या लोकांनी तरी देव की डॉक्टर असा घोळ घालू नये.