भर उन्हात फ्लॅश

प्रश्न : ताई, मे महिन्यात रंकाळ्यावर दुपारी एका जोडप्याचे फोटो काढले. नवऱ्या मुलाने फेटा बांधला होता, त्याच्या डोळ्यांच्या जागी काळे खड्डेच आले. म्हणून बाहेरचा फ्लॅश घेतला आणि साध्या रेडिओ ट्रिगरवर (बिनतारी फ्लॅश उडवणाऱ्या यंत्रावर) वापरला. शटर १/१००० सेकंद होतं. प्रत्येक फोटोच्या अर्ध्या भागात फ्लॅश पडला, उरलेल्या भागात पडलाच नाही. फ्लॅश खराब आहे का? – एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : फ्लॅश चांगला आहे, परत करू नका. शटरला दोन पडदे असतात. १/१००० ला पहिला पडदा पुरता उघडायच्या आत दुसरा मिटायला निघतो आणि सेन्सरपुढून नुसती फट सरकते. फ्लॅशचा लखलखाट तेवढ्या फटीलाच मिळतो. बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० ते १/२५० पर्यंतच सेन्सर एकदम सगळा उघडा असतो. तोच सिंक स्पीड. हाय-स्पीड सिंकने, म्हणजे फट सरकत असताना फ्लॅश भराभर चमकत ठेवून, ही अडचण सुटते, पण फ्लॅशची ताकद बरीच घटते आणि भर दुपारी नेमकी ताकदच हवी असते.

बाबांनी मला राजारामपुरीतल्या आमच्या स्टुडिओच्या गच्चीवर शिकवलं होतं : आधी आभाळ बसव, मग माणूस. म्हणजे आधी आभाळाचा उजेड नीट येईल असा कॅमेरा लावायचा, मग माणसावर फ्लॅश. शटर फक्त उन्हाला आवरतं, फ्लॅशला नाही. अ‍ॅपर्चर (भिंगाचं छिद्र) मात्र दोघांनाही. कडक उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, शटर १/२००, अ‍ॅपर्चर एफ/११ ला आभाळ छान निळं येतं. आता फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे त्याच्या ताकदीचा आकडा, ३६ मीटर धरा; त्याला अ‍ॅपर्चरच्या आकड्याने भागलं की अंतर मिळतं. ३६ भागिले ११, म्हणजे सव्वातीन मीटर. एवढ्या अंतरावरून पूर्ण ताकदीचा उघडा (छत्री न लावलेला) फ्लॅश उन्हाची बरोबरी करतो. सावली भरायला त्याच्या निम्मा पुरे, म्हणून मी अर्ध्या ताकदीवर सुरुवात करते. प्रकाश पसरवणारी छत्री फ्लॅशला लावली तर प्रकाश निम्म्याहून कमी होतो, तेव्हा जवळ या.

फेट्याचं मात्र वेगळं आहे. मेच्या सुरुवातीला आपल्याकडे दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो, त्यामुळे जोडप्याला उन्हाकडे पाठ करून उभं करण्यात फायदा नाही. त्यात आपण सवयीने फ्लॅशही उंच लावतो आणि फेट्याची तीच सावली पुन्हा डोळ्यांवर आणतो. स्टँड खाली घ्या, डोळ्यांच्या रेषेत, थोडा एका बाजूला. प्रकाश फेट्याच्या कडेखालून आत शिरला पाहिजे. बुबुळात पांढरा ठिपका दिसला की जमलं. रंकाळ्यावरच्या वाऱ्यात छत्रीचा स्टँड मोकळा सोडू नका, एक माणूस धरायला ठेवाच. संध्याकाळी ऊन तांबूस झालं की फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक कागद) चढवा, नाहीतर चेहरे निळसर दिसतात.

प्रश्न : तालमीत पैलवान माती उधळतात, ती हवेत थांबलेली पकडायची आहे. शटर किती ठेवू? – वाचक, गंगावेस

उत्तर : तालमीत उजेड कमी असेल तर १/२०० पुरे. माती शटर नव्हे, फ्लॅश थांबवतो. ताकद १/१६ वर आणा. फ्लॅश जितका कमी ताकदीवर, तितका त्याचा लखलखाट आखूड. तो पैलवानाच्या मागे, एका बाजूला ठेवा, म्हणजे हळद-तेल मुरलेल्या त्या तांबड्या मातीचा कण न् कण कडेने पेटतो. समोरून मारलात तर नुसता धुरळा दिसेल. आणि आधी वस्तादांना विचारा. कुस्ती लागलेली असताना डोळ्यांवर फ्लॅश अजिबात नको, डाव चुकून मान अवघडू शकते. अंगाला माती लावून घेतानाचा क्षण मागा.