वड्याच्या तेलाचा साबण झाला, पुढे काय?

ताई, तुमचं पत्र वाचलं. मुलगी एसवायला मायक्रोबायोलॉजीला, तुमच्याच खानावळीतलं उरलेलं तेल नेऊन कॉलेजात बायोडिझेल (तेलापासून बनवलेलं, डिझेलसारखं इंधन) करायला गेली आणि भांड्यात नुसता साबणाचा रबडा झाला, आता म्हणते एन्झाइमनेच करणार नि त्यातच करिअर करणार, आणि तिचे बाबा म्हणतात बँकेच्या परीक्षा दे.

आधी साबणाचं सांगते. वडे तळताना बटाट्यातलं, पिठातलं पाणी तापलेल्या तेलात जातं, तेल फुटतं आणि त्यात मोकळी फॅटी ॲसिड वाढतात. बायोडिझेल करताना तेलात मिथेनॉल नावाचं अल्कोहोल आणि कॉस्टिक सोडा घालतात, आणि तो सोडा त्या मोकळ्या ॲसिडला भेटला की साबण होणारच, तिचं काही चुकलेलं नाही! सोड्याऐवजी लायपेज, म्हणजे तेल-चरबीवर काम करणारं एन्झाइम वापरलं तर त्याचं बळ इथेच आहे, ते तेलाचंही बायोडिझेल करतं आणि त्या मोकळ्या ॲसिडचंही, तेही ३५-४० डिग्रीला. पण मिथेनॉल एकदम ओतलं तर एन्झाइम मरतं, थोडं थोडं द्यावं लागतं, वेळ जास्त लागतो आणि एन्झाइम महाग, म्हणून ते बारीक मण्यांवर बसवून परत परत वापरतात. ते जास्त दिवस टिकावं यासाठी धडपडणारी माणसं हवीत, आणि ते काम मायक्रोबायोलॉजीवाल्यांचंच.

बाबांची काळजी मला पटते. फक्त बायोडिझेलवर आयुष्य बांधू नका असंच मी सांगेन, कारण तेल गोळा करणं आणि त्याचा भाव यावर हा धंदा वरखाली होतो. पण एन्झाइम शिकलेली मुलगी डिटर्जंट, फूड, फार्मा कुठेही जाऊ शकते. बायोडिझेलची दिशा मात्र सरकारचीही आहे, वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवायला एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने २०१८ मध्ये रुको ही योजना सुरू केली, आणि पोलर कंपाउंड (तेल पुन्हा पुन्हा तापवल्यावर त्यात वाढणारे खराब घटक) २५ टक्क्यांवर गेलेलं तेल तर परत तळणीला वापरताच येत नाही, हे तुम्हालाही माहीत हवं.

बीएस्सीनंतर एमएस्सीसाठी जॅमचा बायोटेक पेपर किंवा गॅट-बी या प्रवेश परीक्षा द्यायला सांगा, तयारी टीवायला लागल्या लागल्या सुरू. माटुंग्याच्या आयसीटी (केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था) आणि डेहराडूनच्या आयआयपी (पेट्रोलियमची संशोधन संस्था) इथे बायोफ्युएलवर काम चालतं, त्यांच्या साइटवर प्रोजेक्ट, इंटर्नशिप बघत राहू दे. बँकेची परीक्षा एमएस्सीनंतरही देता येते, बाबांना तेवढं सांगा.

आणि मिथेनॉल घरी अजिबात आणू देऊ नका, विषारी आहे नि पटकन पेटतं, खानावळीत तर गॅस चालूच असतो. प्रयोग कॉलेजच्या लॅबमध्येच. पुढच्या वेळी आधी टायट्रेशन (थेंबाथेंबाने सोड्याचं द्रावण घालून ॲसिड मोजणं) करून तेलात किती ॲसिड आहे ते काढू दे, आणि तो आकडा मला नक्की कळवा.